परांचीवरची दुपार

परांची बांधून झाली आणि घरातलं भांडण एकदम थंडावलं. मिटलं म्हणून नव्हे. भांडण आता बांबूंच्या रूपाने खिडकीबाहेर उभंच होतं. तोंडाने वेगळं काय बोलायचं?

उद्या सकाळी माणसं येणार होती. घराच्या दर्शनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत मामंजींनी लावलेली सिमेंटची पानं होती. ती छिन्नीने उतरवायची आणि त्या जागी करडी, गुळगुळीत पॅनेलं ठोकायची, असं ठरलं होतं. पॅनेलं बारक्याने निवडली होती. ताईने मान डोलावली होती. घर मामंजींमागे तिघा भावंडांचं, दादा, ताई आणि बारक्याचं. दोघांचं एकमत झाल्यावर दादांचा नकार म्हणजे नुसता आवाज उरला होता.

वहिनीला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगावं हे तिलाही माहीत नव्हतं, म्हणून तिनेही कोणाला आठवण करून दिली नाही. एकीकडे नवरा, म्हणजे दादा. परांची बांधायला घेतल्यापासून तो तळमजल्यावरच्या, अशीच पानं ओतायच्या आपल्या कारखान्यात मागच्या दाराने जात होता, समोरची भिंत बघायला लागू नये म्हणून. दुसरीकडे बारक्या. हा धाकटा दीर तिच्या पदरात आला तेव्हा त्याचे पुढचे दोन दात पडलेले होते. आता केस गेले होते, पण वहिनीला अजून दातच आठवायचे. पहिल्या मजल्यावरच्या त्याच्या खोल्यांना इतकी ओल आली की त्याच्या लेकीला रात्र रात्र उशाला टेकून बसावं लागे, श्वास पुरत नसे. शेवटी तो बायकोमुलीला घेऊन भाड्याच्या जागेत गेला. जाताना म्हणाला, "वहिनी, भिंत कोरडी झाली की त्या दिवशी परत येतो. पण ही पानं असेपर्यंत भिंत कोरडी व्हायची नाही."

त्या दिवसापासून वहिनी डबा भरून पाठवत होती आणि डब्याबरोबर निरोप. डबा रिकामा होऊन यायचा, निरोप तसाच.

आज दुपारी मात्र तिच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. तिला एक चिमणी छळत होती. खिडकीच्या डाव्या अंगाला जे पान होतं, त्याच्यामागे ही चिमणी सकाळपासून आत-बाहेर करत होती. इतकी वर्षं या खिडकीत कपडे वाळत घातले, पण त्या पानाची फक्त कड दिसायची. मामंजींनी काम संपवून परांची उतरवली ती उतरवलीच. दादांनी पुन्हा कधी चढवू दिली नाही. रंगाऱ्याचा ब्रश पानांच्या शिरा बुजवतो म्हणायचे. त्यामुळे घरातल्या कोणीही आपल्या घराचा चेहरा जवळून पाहिलेला नव्हता. गल्लीतून मान वर करून बघायचं, तेही मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवेपर्यंत.

वहिनीने पदर खोचला, खिडकीत स्टूल ठेवलं आणि फळीवर पाय टाकला.

"वहिनी, आत जा." खालच्या फळीवर मापं घेत बसलेला बारक्या ओरडला. "पडशील."

"तूच बांधून घेतलीस ना? मग कशी पडेन?"

"मी बांधली नाही, माणसांनी बांधली."

"मग तर काळजीच नाही," असं म्हणत ती भिंतीला धरून बसली.

चिमणीचं घरटं होतंच. पण त्याहून जास्त काहीतरी होतं. प्रत्येक पानाचा शेंडा वर होता आणि बाहेर कललेला, त्यामुळे पान आणि भिंत यांच्यामध्ये एक ओंजळ तयार झाली होती. आणि प्रत्येक ओंजळीत माती होती. ही माती कोणी आणली? धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची कृपा, समोरच्या टॉवरच्या बांधकामाची भुकटी. सगळं येऊन त्या ओंजळींत बसलं होतं. एका पानात नेच्याची झालर होती. दुसऱ्यात शेवाळ, इतकं हिरवं की रंगवल्यासारखं. तिसऱ्यातून पिंपळाचं बोटभर रोप निघालं होतं आणि चौथ्यात...

"बारक्या, इथे टोमॅटो आलाय."

"काय?"

"टोमॅटो. एक पिकलाय, दोन हिरवे आहेत."

बारक्याने उत्तर देण्याआधी खिडकीतून ताईचं डोकं बाहेर आलं. ती पॅनेलांच्या कागदांवर सह्या करायला आली होती आणि मघापासून स्वयंपाकघरात वहिनीला शोधत होती. ताई मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढायची; तिचा चष्मा महागातला होता आणि घाई कायमची. तिने चष्मा कपाळावर चढवला, चपला खिडकीतच काढल्या आणि लहानपणी भिंतीवर चढायची तशी गुडघा टेकून फळीवर आली.

ती एकेका ओंजळीपाशी सरकत गेली. नेच्याला बोट लावलं, शेवाळाचा वास घेतला. मग फोन काढून फोटो काढत सुटली.

"वहिनी, आम्ही टॉवरच्या चित्रात प्रत्येक बाल्कनीत झाडं दाखवतो. खाली लोंबणाऱ्या वेली, फुलं. त्यावरच तर फ्लॅट जातात."

"आणि मग लावता ना झाडं?"

"छे. ती कॉम्प्युटरमध्येच उगवतात."

"मग बाल्कनीत काय असतं?"

"एसीचं खोकं आणि जुनी सायकल." ताईने टोमॅटोचं पान हळूच बाजूला केलं. "आणि इथे कोणी काही न करता हे सगळं. या गल्लीत, जिथे खाली दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला कुशीवर व्हावं लागतं. बारक्या, ऐक. हे काढायचं नाही."

बारक्या शिडीने वर आला. हातात टेप तसाच, लांब निघालेला.

"परवापर्यंत हो म्हणत होतीस."

"परवा मला हे माहीत नव्हतं."

"तुला फोटो मिळाले म्हणून मत बदललं. तुझ्या घरात ओल नाहीये, ताई. तुझ्या घरात भिंतीसुद्धा परदेशी आहेत."

"आतून चांगलं वॉटरप्रूफिंग करून घे."

"करून घेतलं. मग परत करून घेतलं. पोपडे पडतात ते रंगाचे नाहीत, माझ्या डोक्याचे पडायला लागलेत. पोरगी उशाला टेकून झोपायची इथे आमची. तिला सांगू, थोडं सहन कर, आत्याला नेचे आवडलेत?"

ताईने फोन फळीवर उपडा ठेवला. ही दोघं गेला महिनाभर एका बाजूला होती. आता एकाच फळीवर एकमेकांकडे पाठ करून बसली. वहिनीच्या मनात आलं, आपण बाहेर आलो नसतो तर बरं झालं असतं. पण आता आलो आहोत तर नीट बघून तरी घ्यावं. तिने टोमॅटोच्या ओंजळीत बोट खुपसलं. माती ओली होती. पाऊस जाऊन कितीतरी आठवडे झाले होते.

"बारक्या, हे पाणी कुठे जात असेल रे?"

"कुठे म्हणजे? भिंतीत. सावकाश, चवीचवीने. तेच तर सांगतोय मी सगळ्यांना."

"प्रत्येक पानातून?"

"प्रत्येक."

तिने मान वर केली. पत्र्याच्या छपराखाली, अगदी वर, पानांची पहिली रांग होती. गल्लीतून ती आता नीट दिसायची नाही. मामंजींच्या नंतर घातलेल्या छपराची सावली तिच्यावर पडायची. वहिनीने डोळे बारीक केले.

"ती वरची कोरडी आहेत. त्यांच्यात काहीच उगवलेलं नाही." मग थोड्या वेळाने, "आणि ती उलटी आहेत."

बारक्या आणि ताई दोघांनीही वर पाहिलं. खरंच. वरच्या रांगेतल्या पानांचे शेंडे खाली होते. देठ भिंतीला घट्ट, शेंडा बाहेर झुकलेला, जणू एकेक पान म्हणजे चिमुकला छज्जा. पाणी त्यावर पडलं तर घरंगळून गल्लीत जाईल.

"दुसरा साचा असेल," ताई म्हणाली.

"साचा एकच," बारक्या म्हणाला. "डावीकडच्या दुसऱ्या शिरेवर खोच आहे बघ. ती साच्यातच आहे. कारखान्यातल्या प्रत्येक पानावर येते."

"तुझ्या दादाला बोलाव," वहिनी म्हणाली.

"तू बोलाव. माझ्याशी कुठे बोलतोय तो."

वहिनी वाकून ओरडली, "अहो, जरा वर या. खिडकीतून बाहेर या."

खालून आवाज आला, "कोण पडलं?"

"कोणी नाही. या तर."

दादा आले. खिडकीतून बाहेर पडताना त्यांनी भिंतीकडे बघायचं टाळलं. जे उद्या जाणार त्याच्याकडे आज कशाला बघायचं, असा चेहरा. पण फळीवर उभं राहिल्यावर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. समोर भिंत, मागे टॉवर. आधी त्यांचा हात पानाकडे गेला, मग डोळे. अंगठा शिरांवरून फिरला.

"काय काम केलंय," ते पुटपुटले. "काय धार आहे शिरेला अजून."

"वर बघा," वहिनी म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बांबूला धरून वरच्या फळीवर चढले, आणि त्या वयाच्या माणसाने असं चढू नये हे सांगायचं कोणालाच सुचलं नाही. वरच्या पानाच्या देठाशी त्यांनी बोट नेलं. खिळा देठातल्या भोकातून गेलेला होता. तिथून ते खालच्या रांगेकडे आले. इथे लांब खिळा शेंड्यातून भिंतीपर्यंत गेला होता; देठ खाली भिंतीला टेकलेला, शेंडा खिळ्यावर बाहेर तोललेला. भोक नंतर पाडलेलं, कडेने कपची उडालेली. आणि देठाकडचं भोक सिमेंटने बुजवलेलं.

"अहो, आपल्या कारखान्यातसुद्धा तुम्ही पान साच्यातून काढलं की देठाचं भोक बुजवता ना?" वहिनीने विचारलं.

"हो. आणि शेंड्याकडे नवीन पाडतो."

"का?"

"बाबा तसं करायचे."

"पण मग साच्यात भोक देठाकडे का आहे?"

दादांनी बुजवलेल्या भोकावर नख ओढलं. जन्मभर त्यांनी एक भोक बुजवून दुसरं पाडलं होतं. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला तेच शिकवलं होतं. 'आमचं पान आकाशाकडे बघतं' असं गिऱ्हाइकांना सांगितलं होतं आणि गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या होत्या. हा प्रश्न कोणाच्या मनात आला नव्हता, त्यांच्याही नाही.

पहिला हसला बारक्या. आधी नाकातून, मग पोटातून, इतका की फळी हलायला लागली.

"म्हणजे गावभर आपण... दादा, त्या डॉक्टरांच्या बंगल्यालासुद्धा? त्यांनी ओलीची तक्रार केली तेव्हा तू गिलावा करणाऱ्याला झापलं होतंस."

"गिलावा वाईटच होता त्याचा," दादा म्हणाले. पण त्यांचेही ओठ हलले. मग पुन्हा घट्ट झाले. "बाबांची चूक नाही ही. एक रांग सुलटी लावून बाकीचं घर उलटं, असं चुकून होत नाही. वरून सुरुवात केली. एक रांग केली. आणि मग पानं फिरवली. का फिरवली?"

आता चौघांचंही भांडण थांबलं होतं. प्रश्न इतका चांगला होता की त्यात कोणाची बाजू कोणती हे विसरायला झालं. ताई म्हणाली, मजुरांनी घोळ केला असेल. बारक्या म्हणाला, बाबांच्या समोर घोळ करून कोणता मजूर जिवंत राहिला असता? वहिनी आपल्या सासऱ्यांना आठवत राहिली. ते काम करताना दर थोड्या वेळाने खाली उतरायचे, गल्लीत जाऊन उभे राहायचे आणि वर बघायचे. पायाचं दुखणं होतं तरी.

"खालून बघितलं असेल," ती म्हणाली. "आणि आवडलं नसेल."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी अधूनमधून ते तिच्याकडे असं बघायचे, नवीन भाडेकरू आल्यासारखं.

"बघू या की मग," बारक्या म्हणाला. "माझ्या मजल्यावरची चार-पाच पानं सैल आहेत. काढून सुलटी बांधू तारेने. पटत असेल तर..." तो थांबला. पुढचं वाक्य त्याच्या मनात आत्ताच तयार होत होतं, हे वहिनीला दिसत होतं. "पटत असेल तर पॅनेलं लागणारच नाहीत. पानंच फिरवायची. पाणी बाहेर पडेल. भिंत सुकेल."

"आणि हे?" ताईने नेच्याकडे बोट केलं. "माती पडून जाईल सगळी. टोमॅटो, चिमणी, सगळं."

"चिमणीचं पान पिल्लं उडेपर्यंत ठेवू."

"आणि नंतर?"

"जिन्याच्या बाजूला खोली नाही," दादा म्हणाले. "तिकडची असू देत तशी. तिकडे कर तुझी बाग."

"चार पानं आहेत तिकडे, दादा."

"मग चार पानांची कर." ताईने तोंड फिरवलं. दादा बारक्याकडे वळले. परांची बांधल्यापासून पहिल्यांदाच. "पण एक सांगतो. बाबांनी फिरवली ती दिसायला वाईट होती म्हणून फिरवली असतील, आणि खरंच वाईट दिसत असतील, तर मी ती तशी लावू देणार नाही. त्यांच्या कामाचं हसं करून भिंतीवर ठेवण्यापेक्षा पॅनेलं बरी. उद्या येऊ देत तुझी माणसं."

"मान्य," बारक्या म्हणाला. "आणि बघणार कोण? मी बघितलं तर तू म्हणशील, याला घरी यायचंय म्हणून छान म्हणतोय."

"आणि मी बघितलं तर तू म्हणशील, याला बापाचं सोडवत नाही."

ताईकडे कोणी बघितलंही नाही. तिने आजच्या दुपारीच बाजू बदलली होती.

"वहिनी बघेल," बारक्या म्हणाला.

"हो. ती बघेल," दादा म्हणाले.

पानं उतरवायला दोघं भाऊ एकत्र बसले. एकाने छिन्नी लावली, दुसऱ्याने खालून हात धरला. बोलणं जेवढ्यास तेवढं: धर, सोड, हळू. वहिनी जिना उतरून गल्लीत गेली. उभं राहायला जागा अशी नव्हतीच. एका बाजूला ओळीने स्कूटर्स, दुसरीकडे कुरिअरवाल्याची हातगाडी, डोक्यावर तारांचा गुंता. समोरच्या टॉवरच्या भिंतीला पाठ लावली तेव्हा कुठे तिला भिंत पूर्ण दिसली.

मामंजींनी उलटी लावलेली पानं खालून सुंदर होती. हे तिला माहीत होतं, पण आज कारण कळत होतं. पानाचं वरचं, शिरांचं अंग खाली झुकून बघणाऱ्याकडे तोंड करत होतं. प्रत्येक शीर दिसत होती. गल्लीतून जाणाऱ्या माणसासाठीच ती लावलेली होती.

मग तिने पहिल्या मजल्याकडे पाहिलं. बारक्या आणि दादांनी पाच पानं सुलटी बांधली होती. शिरा वरच्या बाजूला गेल्या होत्या. खालून दिसत होत्या त्या फक्त पानांच्या पोकळ, काळ्या पाठी आणि पुढे आलेली टोकं.

वटवाघळं. पाच वटवाघळं ओळीने लटकलेली.

"वहिनी," वरून बारक्याचा आवाज आला. "कसं दिसतंय?"

तिघंही परांचीवरून वाकून तिच्याकडे बघत होते. बारक्याच्या हातात तार होती. दादांचा एक हात बारक्याच्या खांद्यावर होता, तोल जाऊ नये म्हणून, पण होता. एक सायकलवाला घंटी वाजवत मध्ये आला. तिने त्याला वाट दिली आणि तेवढ्यात विचार करून घेतला. तिला खोटं बोलता येत नाही असं घरात सगळे समजत, आणि या समजाचा तिला अधूनमधून फार उपयोग झाला होता.

"छान दिसतंय," ती म्हणाली.

"नक्की?"

"अगदी नाजूक. छज्जे असतात ना, तसे."

बारक्याने तार दाताखाली धरली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. ताईने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. दादा तसेच वाकून बायकोकडे बघत राहिले. मग खांद्यावरचा हात काढून ते खिडकीतून आत गेले.

वहिनीला जिन्यावरची पावलं ऐकू आली. तिने हातगाडीकडे बघितलं, तारांकडे बघितलं, नको तिथे सगळीकडे बघितलं. दादा येऊन तिच्या शेजारी टॉवरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मान वर केली.

वडिलांनी इथेच, याच जागी उभं राहून, दुखऱ्या पायावर भार देत हेच बघितलं असणार, हे दादांच्या तोंडावर दिसत होतं. एक रांग झाली होती, फक्त एक, आणि ते बघून वडील परत वर गेले असणार.

"वटवाघळं दिसतायत," दादा हळूच म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाली.

"छज्जे म्हणे."

"मग काय म्हणू?"

त्यांनी मान अजून मागे नेली, आपल्या घरावरून पार, आणि मग वळून पाठीमागच्या टॉवरकडे बघितलं. वरपर्यंत खिडक्याच खिडक्या. एका खिडकीत एक बाई पायपुसणं झटकत होती. अजून वर एक म्हातारा कोपर टेकून खाली बघत होता. त्याला दुसरं काय काम असणार. त्यांच्या वडिलांनी पानं लावली तेव्हा या जागी बैठी गोदामं होती आणि बघायचं तर गल्लीतूनच बघायचं होतं.

"त्यांना शिरा दिसतील," दादा म्हणाले. "वरून. सगळ्या."

"दिसतील ना."

"बघणारे आता वर राहायला गेलेत."

हे ते तिला सांगत होते की वडिलांना, की स्वतःला पटवत होते, हे वहिनीला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले.

"बारक्या."

"हां, दादा."

"तुझी वहिनी बरोबर बोलतेय. उद्या माणसं आली की पॅनेलं परत पाठव, माणसं ठेवून घे. मी कारखान्यातून खिळे काढून देतो, देठाचे." त्यांनी पहिल्या मजल्याकडे बोट केलं. "आणि वरून सुरुवात नको करूस. तुझ्या खोल्यांपासून कर."